कुही परिसरातील सार्वजनिक शाळा आणि मागे पडणारी मुले : कारणांचा ऐतिहासिक विचार

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुले अभ्यासात मागे का पडतात, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. एखाद्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले की चार दिवस वृत्तपत्रांतून चर्चा होते आणि ठरलेली उत्तरे पुढे येतात. मुलांचा वकूबच कमी, असे कोणी म्हणतो. आईबापांना शिक्षणाची आस्था नाही, असे दुसरा म्हणतो. गुरुजी शिकवीतच नाहीत, असे म्हणून तिसरा मोकळा होतो. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. दोष कोणत्या तरी व्यक्तीच्या माथी मारला जातो आणि ज्या व्यवस्थेत ते मूल, ते आईबाप आणि ते गुरुजी वावरतात ती व्यवस्था चौकशीतून सुटते.

आम्ही या लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. त्यासाठी नागपूर जिल्ह्यातील कुहीचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : बहुजनांच्या, विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलाला शिक्षणापासून वेगळे ठेवण्याची क्रिया गेल्या पावणेदोनशे वर्षांत थांबलेली नाही, फक्त तिची जागा बदलत गेली आहे. प्रथम ते मूल शाळेच्या दाराबाहेर होते. मग ते ओसरीवर आले. त्यानंतर ते वर्गात आले, पण चौथीच्या आत बाहेर पडू लागले. आज ते वर्गात बसलेले आहे, हजेरीपटावर त्याचे नाव आहे, आणि तरीही पुष्कळदा त्याला वाचता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर कारण मुलाच्या डोक्यात शोधले गेले. ते प्रत्येक वेळी बाहेरच्या रचनेत होते.

परिसर आणि त्याचा वारसा

कुही हा नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुका. तालुक्याचे गाव नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. पूर्वी हा सारा मुलूख उमरेड तहसिलीत मोडत असे. तालुक्याच्या पूर्वेस वैनगंगा वाहते आणि पलीकडे भंडारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतील दानलेख उजेडात आले. कुही तालुक्यातीलच अडम येथे १९८८ नंतरच्या काही वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले आणि तटबंदी असलेले प्राचीन नगर प्रकाशात आणले. मांढळ येथे वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत.

हा वारसा आम्ही अभिमानाचे शब्द उच्चारण्यासाठी सांगत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीच्या खोऱ्यात दान देणारा माणूस आपले नाव दगडावर कोरून घेत होता, कारण ते वाचणारे लोक त्याच्या भोवती होते. अक्षराशी वैर हा या मातीचा किंवा येथील माणसांच्या रक्ताचा गुण नव्हे. अक्षरावर मक्तेदारी प्रस्थापित झाली आणि मोठा समाज त्याबाहेर ढकलला गेला, ही पुढची ऐतिहासिक घटना आहे. जी गोष्ट इतिहासात घडली तिची कारणे शोधता येतात आणि ती दूरही करता येतात.

तत्त्व कागदावर, मूल दाराबाहेर

ज्या १८५४ साली नागपूरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, त्याच वर्षी वुडचा शिक्षणविषयक खलिता आला. सामान्य जनतेला उपयुक्त शिक्षण देणे हे सरकारचे काम आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. परंतु तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर लगेच दिसले. मुंबई इलाख्यातील धारवाड येथे १८५६ साली एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. एका मुलासाठी इतर मुलांची शाळा मोडण्याचा धोका सरकार पत्करणार नाही, अशी भूमिका घेतली गेली. बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात या प्रकरणाची मुद्दाम नोंद घेतली आहे, कारण त्यातूनच पुढील अनेक दशकांचे सरकारी धोरण समजते.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि उमरेडचा हा मुलूख त्यात आला. जमिनीची मालकी मालगुजारांकडे गेली. गावचा महार कोतवालकीची कामे करी, जाडेभरडे कापड विणी, शेतावर राबे. शाळा मोठ्या गावी, दूरवर एखादी. ती गावातील ज्या वस्तीत असे त्या वस्तीत जाण्याचीच ज्याला मुभा नव्हती, त्याच्या मुलाने शाळेत का यावे, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. तो आला नाही म्हणजे त्याला आस्था नाही, असा अर्थ मात्र काढला जाई.

या अर्थाला पहिले समर्थ उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनी दिले. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. वयाच्या बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. याहून आजच्या विषयाला अधिक जवळची त्यांची दुसरी सूचना आहे. प्राथमिक शाळेचे शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, असे ते म्हणाले. शिक्षकाला किमान बारा रुपये पगार असावा, असेही त्यांनी सुचविले. मूल शिकत नाही याचे कारण शिक्षक, अभ्यासक्रम आणि पैसा या तिन्हींच्या मांडणीत शोधण्याची दृष्टी मराठी मुलखात प्रथम जोतीरावांनी दिली.

ओसरीवरचे मूल आणि समाजाचे स्वतःचे प्रयत्न

शाळेत प्रवेश मिळाल्यानंतरही अस्पृश्य मुलाचे शिक्षण कसे चाले, हे बाबासाहेबांच्या बालपणावरून सर्वांस ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. पण बसण्यासाठी गोणपाट घरून आणावे लागे, आणि शिपाई हजर नसला तर तहान भागत नसे. ही हकीकत आपण पुष्कळदा करुणेने ऐकतो. तिच्यातील शैक्षणिक अर्थाकडे मात्र दुर्लक्ष होते. कोपऱ्यात बसलेल्या मुलाची पाटी गुरुजी हातात घेत नाहीत, म्हणून त्याची चूक दुरुस्त होत नाही. जे मूल तहानलेले आहे त्याचे लक्ष फळ्यावर राहत नाही. परीक्षेत ते मागे पडले तर त्याच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा येतो. बाबासाहेब या सर्वांवर मात करून गेले, हे त्यांचे असामान्यत्व. परंतु केवळ असामान्य मुलालाच ओलांडता येईल असा उंबरा उभारणारी शाळा ही सार्वजनिक शाळा नव्हे.

नागपूर भागात समाजाने स्वतःच्या बळावर जे केले ते याच पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमाग बसला तसा खेड्यांतील विणकर महार समाज गिरण्यांकडे वळला. दरमहा रोख पगार, जातीच्या गावकीपासून काहीशी सुटका आणि शेजारी आपलीच वस्ती, या तीन गोष्टींनी शहरात शिक्षणाला आधार मिळाला. नागपूर जिल्ह्यातील मोहपा येथील किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी याच काळात शाळा आणि वृत्तपत्रे यांच्याद्वारे जागृती केली.

उमरेड येथे १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांचे चरित्र तर या परिसराने कायम स्मरणात ठेवावे असे आहे. त्यांनी कामठी स्टेशनवर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिकविले आणि शिक्षिकेची नोकरी दिली. शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली. १९२२ साली जाईबाईंनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा उभी केली. या एका चरित्रात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. फुल्यांना अभिप्रेत असलेला, मुलांत मिसळणारा शिक्षक या समाजात तयार होत होता. त्याला शाळेतून घालविण्याचे काम समाजाने केले.

शहरातील वस्ती आणि कुहीसारखे खेडे यांतील फरक येथूनच वाढत गेला. गिरणीच्या वस्तीत दुसरी-तिसरी शिकलेली पिढी उभी राहिली. खेड्यात राहिलेला भूमिहीन मजूर मालगुजाराच्या शेतावरच राहिला. आज कुहीच्या मुलाची तुलना नागपूरच्या मुलाशी करणाऱ्याने हे शंभर वर्षांचे अंतर हिशेबात धरले पाहिजे.

बाबासाहेबांचा मापदंड

१२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी अवघ्या आठ दिवसांनी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहासमोर मांडले. शिक्षणावर सरकार माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून मात्र माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हाही हिशेब त्यांनी दिला.

येथे बाबासाहेबांनी काय मोजले हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. शाळा किती उघडल्या, नावे किती दाखल झाली, हे सरकार मोजत होते. शाळेत आलेले मूल अक्षर घेऊन बाहेर पडते की नाही आणि ते अक्षर त्याच्याजवळ टिकते की नाही, हे बाबासाहेबांनी मोजले. शाळेच्या यशाचा हाच खरा मापदंड आहे. त्याने पाहिले म्हणजे ८२ मुलांचे अपयश हे ८२ मुलांचे राहत नाही, ते शाळेचे आणि अंदाजपत्रकाचे ठरते. प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांच्या हाती सोपविण्याबद्दलही त्यांनी चिंता व्यक्त केली होती. ज्या मंडळांवर गावातील वरचढ जातींचे वर्चस्व, तेथे अस्पृश्यांच्या मुलांची आस्था कोणास असणार, हा त्यामागील विचार होता.

मध्यप्रांतात १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पण सक्ती लागू करणे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडले गेले. शेजारी कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. इच्छा असेल तेथे काय होऊ शकते, हे त्यावरून दिसते. आमच्या प्रांतात १९३८ च्या सुमारास रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. दान म्हणून मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवावी, अशी ती कल्पना होती. सार्वजनिक शिक्षण दात्याच्या औदार्यावर उभे करण्याचा हा मार्ग फार काळ चालला नाही, आणि तो चालण्यासारखा नव्हताही. जमीन देणारा गावात कोण असतो आणि शाळेवर शब्द कोणाचा चालतो, हे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर : वरून आधार, खालून पोकळी

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने या प्रांतात तहसीलवार जनपद सभा आल्या आणि त्यांच्याकडे शाळा सोपविल्या गेल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. गावोगाव शाळा पोहोचली ती मुख्यतः या काळात, आणि हे मोठे काम होते, हे मान्य केले पाहिजे. संविधानाच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला होता. ती मुदत १९६० मध्ये संपली. शिक्षणाचा मूलभूत हक्क संविधानात आला तो २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. दहा वर्षांच्या वचनाला पन्नास वर्षांचा विलंब लागला. या विलंबात शाळेबाहेर गेलेल्या पिढ्याच आजच्या मुलांचे आजीआजोबा आणि आईबाप आहेत. मुलाला घरी अभ्यास सांगणारे कोणी नाही, याचा उगम येथे आहे.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून मिळू लागली. तिने महाविद्यालयाचे दार उघडले, त्याचे मोल मोठे आहे. तथापि ज्या समाजातील बहुसंख्य मुले चौथीच्या आतच गळत होती, तेथे मॅट्रिकपर्यंत पोहोचणारे थोडेच होते. छप्पर झाले, पण पाया भरला गेला नाही. त्यातच १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांच्या केंद्राच्या सवलती थांबल्या. महाराष्ट्राने १९६२ पासून राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने त्या मान्य केल्या १९९० च्या कायद्याने. चौतीस वर्षे हा समाज केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जाती नव्हता, पण गावाच्या दृष्टीने मात्र पूर्वी होता तेथेच होता.

आजची कारणे

आता वर्तमानाकडे वळू. कुहीच्या परिसरात शाळेचे वर्ष आणि मजुरीचे वर्ष एकमेकांवर आदळतात. जूनच्या अखेरीस शाळा उघडते आणि लगेच धानाची रोवणी लागते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस. त्यानंतर मिरचीची तोडणी, आणि पुढे कुही-मांढळ पट्ट्यात मिरचीचे देठ खुडण्याचे सातरे. या सर्व कामांत बाईचा हात लागतो. आई पहाटे कामावर गेली की धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठी बहीण घरी राहते. ती आठवड्यातून दोन दिवस शाळेत गेली नाही तर वर्षाच्या शेवटी अडीच महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो. गणितात भागाकार ज्या आठवड्यात शिकविला त्या आठवड्यात ती नव्हती, म्हणून पुढचे गणितही तिला समजत नाही. तिच्या डोक्यात कमतरता नाही, तिच्या हजेरीत आहे. आणि हजेरीतील कमतरता मजुरीच्या दरात आहे.

गोसीखुर्द प्रकल्पाने यात भर घातली. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. वैनगंगेच्या फुगवट्याखाली भंडारा जिल्ह्याप्रमाणेच कुही तालुक्यातील गावेही आली. गाव उठते तेव्हा घरांची मोजणी होते, मोबदल्यावर वर्षानुवर्षे वाद चालतो. मुलांची मोडलेली शाळा, तुटलेली सोबत आणि वाया गेलेले वर्ष यांची मोजणी मात्र कोणत्याच यादीत होत नाही.

दुसरे कारण भाषेचे. येथील मूल घरी ‘पानी’ म्हणते आणि वहीत ‘पानी’ लिहिते. त्यावर लाल रेघ येते. ‘का’ ऐवजी ‘काऊन’ म्हणाले की वर्ग हसतो. पुण्या-मुंबईकडील प्रमाणभाषेत लिहिलेले पाठ्यपुस्तक शिकविताना गुरुजींनी घरच्या बोलीचा पूल केला तर मूल सहज पलीकडे जाते. बोलीलाच चूक ठरविले तर ते बोलणे थांबविते, आणि जे मूल वर्गात बोलत नाही त्याला काय समजले नाही हे गुरुजींना कळण्याचा मार्गच बंद होतो. प्रमाणभाषा शिकविलीच पाहिजे. वाद आहे तो आरंभ कोठून करावा याचा.

तिसरे कारण शिक्षकसंख्येचे. २००९ च्या कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुले असली तर दोन शिक्षक. म्हणजे लहान गावातील चार किंवा पाच वर्गांना मिळून दोन गुरुजी. कायदा पूर्ण पाळला तरी प्रत्येक वर्गाला शिक्षकाचा निम्म्याहून अधिक वेळ मिळत नाही. त्यातील एक निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेले की सारी शाळा एकावर येते. जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांशिवाय इतर अशैक्षणिक काम शिक्षकास देऊ नये, असे त्याच कायद्याचे २७ वे कलम सांगते. त्यापलीकडील माहिती भरण्याचा आणि अहवाल पाठविण्याचा व्याप किती वाढला आहे, हे कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे. २००० साली राज्याने शिक्षणसेवक पद्धत आणली आणि प्राथमिक शिक्षणसेवकास महिना तीन हजार रुपये मानधन ठरविले. जोतीरावांनी १८८२ मध्ये जो प्रश्न पगाराच्या निमित्ताने मांडला तोच येथे पुन्हा उभा राहिला.

चौथे कारण आकड्यांच्या समाधानाचे. आज जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत दाखल होते आणि वरच्या वर्गात जाते. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी १६.३ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्के झाले. मार्च २०२० पासून महामारीत प्राथमिक वर्ग दीर्घकाळ बंद राहिले आणि ज्या घरात एकच साधा फोन होता तेथील शिक्षण थांबले, त्याचा परिणाम २०२२ च्या आकड्यात आहे. सुधारणा झाली ही समाधानाची गोष्ट. तरीही तिसरीतील चार मुलांपैकी तीन मुले दुसरीचे पुस्तक वाचू शकत नाहीत. १९२७ चा आकडा वर्ग गाठण्याचा होता, हा वाचण्याचा आहे, म्हणून दोहोंची थेट तुलना करता येणार नाही. पण बाबासाहेबांचा मापदंड लावला तर आपण कोठे आहोत हे स्पष्ट होते. पूर्वी मूल शाळा सोडून मागे पडत असे, आता ते शाळेत बसून मागे पडते.

पाचवे कारण आपल्या जवळचे आहे. आपल्यातील जो वर्ग शिकला, नोकरीस लागला, तो कुहीसारख्या गावातून नागपूरला गेला किंवा आपली मुले खासगी इंग्रजी शाळेत घालू लागला. आपल्या मुलाचे हित पाहण्यात गैर काही नाही. परंतु ज्याला अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्याला प्रश्न विचारता येतो असा पालक निघून गेला की गावच्या शाळेत ज्यांचा शब्द कोणी ऐकत नाही अशांचीच मुले उरतात. पटसंख्या घटते. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून आणखी पट कमी, आणि शेवटी शाळाच बंद करण्याचा प्रस्ताव. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यात २०२३ पासून पुढे आला आहे. शाळा दोन-चार किलोमीटर दूर गेली की प्रथम कोणाची शाळा सुटेल? धाकट्याला सांभाळणाऱ्या त्या मुलीची. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी व्यथा बोलून दाखविली, ती येथे आठवल्यावाचून राहत नाही.

घर की शाळा?

मुलाचे यश शेवटी घरावरच अवलंबून असते, मग शाळेला दोष का द्यावा, असा युक्तिवाद केला जातो. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा मोठा अहवाल निघाला, त्याचा आधार यासाठी दिला जातो. यशात कुटुंबाच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा असतो, असे त्या अहवालात आढळले, हे खरे. पण त्याच अहवालात असेही आढळले की वंचित गटांतील मुलांचे यश इतर मुलांच्या मानाने शाळेच्या गुणवत्तेवर अधिक अवलंबून असते. सुखवस्तू घरातील मूल वाईट शाळेतही तरून जाते, कारण त्याला घर आहे. गरिबाच्या मुलाला शाळेखेरीज दुसरा आधार नाही. म्हणून घराची गरिबी हे शाळा ढिली ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट शाळा अधिक बळकट करण्याचे ते कारण आहे.

बौद्ध परंपरेत चुल्लपंथकाची कथा प्रसिद्ध आहे. त्याला एक गाथा चार महिन्यांत पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने, जो त्याचा शिक्षकही होता, त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला दारातून परत बोलाविले, हाती स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत राहण्यास सांगितले. हाताच्या स्पर्शाने वस्त्र मळत गेले, तसे त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. शिष्य तोच होता, बदलली ती शिकविण्याची रीत. जो शिकत नाही त्याला बाहेर काढणारा एक गुरू आणि त्याला शिकण्याचा मार्ग शोधून देणारा दुसरा गुरू, या दोहोंतील कोणता आपल्या सार्वजनिक शाळेत आहे, हाच आजचा प्रश्न आहे.

कर्तव्य

कारणे ऐतिहासिक असली म्हणजे हात जोडून बसावे असे नाही. २००९ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असावे, असे कायदाच सांगतो. स्थानिक मंडळांविषयी बाबासाहेबांना जी चिंता होती तिच्यावरील हा उपाय आपल्या हाती आहे. पण पुष्कळ ठिकाणी ही समिती केवळ सह्यांपुरती उरते. आपल्या आयाबहिणींनी तिच्यात बसावे आणि प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न विचारावा : कोणत्या वर्गातील किती मुलांना वाचता येते?

गावोगावच्या विहारांनीही हे काम हाती घ्यावे. रोवणीच्या आणि सातऱ्याच्या दिवसांत लहान भावंडांना दिवसा सांभाळण्याची सोय विहारात झाली तर मोठी बहीण शाळेत जाईल. संध्याकाळी दोन तास विहारात दिवा आणि शिकविणारा एक तरुण असेल तर बुडालेला भागाकार भरून निघेल. वस्तीतील प्रत्येक मुलाचे नाव, त्याची हजेरी आणि त्याला वाचता येते की नाही याची नोंद एका वहीत ठेवावी. शहरात गेलेल्या शिकलेल्या बांधवांनी महिन्यातून एकदा आपल्या गावच्या शाळेत जावे, गुरुजींच्या अडचणी ऐकाव्यात आणि रिकाम्या जागांबद्दल तालुक्याला व जिल्हा परिषदेला लिहावे. त्यांच्या हाती लेखणी आहे, तिचा हाच उपयोग आहे.

मात्र या कामाने शासनाची जबाबदारी संपत नाही. विहारातील संध्याकाळचा वर्ग शाळेचा पर्याय नव्हे. कुहीच्या मुलाला पुरेसे शिक्षक, जवळची शाळा, आईला पुरेल अशी मजुरी आणि त्याच्या बोलीचा मान राखणारे शिक्षण मिळाले पाहिजे, ही मागणी सोडता येणार नाही. जोतीरावांनी १८८२ मध्ये आणि बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ती केली. तिसरीतील प्रत्येक मूल आपले पुस्तक स्वतः वाचू लागेपर्यंत ती करीत राहणे आपले कर्तव्य आहे.